विकतचा शिक्का नको

आमच्या गुरुजींनी आम्हाला 'लेटरबॉक्सिंग' या छंदाची माहिती सांगितली. नाव ऐकून सगळ्यांना पोस्टाची लाल पेटी आठवली. पण ही पेटी वेगळी. ती रानात लपवलेली असते आणि लोक चालत जाऊन ती शोधून काढतात.

हा छंद इंग्लंडमधल्या डार्टमूर नावाच्या माळरानावर सुरू झाला. तिथे गवत, दलदल आणि मोठमोठे खडक आहेत. जेम्स पेरट नावाचे वाटाडे लोकांना क्रॅनमियर पूल इथे घेऊन जात. (हा आपला नदीवरचा पूल नव्हे, तिकडे पूल म्हणजे डोह.) ती जागा फार लांब आणि आडवाटेला होती. पेरट यांनी १८५४ साली तिथे एक बाटली ठेवली. जो पोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तिच्यात टाकायचे. पुढे लोक तिथे पत्रे ठेवू लागले. नंतर जो येईल तो ती पत्रे नेऊन पोस्टात टाकायचा. ओळख ना पाळख, तरी दुसऱ्याचे पत्र पोचवायचे! मला हे फार आवडले.

आता पेटीत एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्याजवळ पण स्वतःची वही अन् स्वतःचा शिक्का असतो. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत उठवायचा आणि पेटी होती तशी परत लपवायची. बक्षीस वगैरे काही नाही. घरी न्यायचा तो फक्त ठसा. १९९८ साली अमेरिकेतल्या 'स्मिथसोनियन' मासिकात यावर लेख आला, मग तिकडेही हा छंद पसरला. तिथले पुष्कळ लोक खोडरबरासारखा रबर कोरून शिक्का हातानेच बनवतात.

आमचा वर्ग शाळेमागच्या टेकडीवर अशी एक पेटी ठेवणार आहे. त्यावरून वर्गात दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, वर्गणी काढू आणि तालुक्याहून शिक्का करून आणू, तो सुबक येतो. मला हे पटत नाही. ग्रामपंचायतीचा शिक्का सुबक आणि एकसारखाच पाहिजे, नाहीतर दाखला खरा कोण मानील? पण आठवणीचा शिक्का एकसारखा कशाला पाहिजे? पेटी ठेवणारा आणि शोधणारा बहुतेक वेळा एकमेकांना बघतसुद्धा नाहीत. त्यांची भेट होते ती शिक्क्यातूनच. तो दुकानदाराने केला तर भेट दुकानदाराची झाली, आमची कुठे झाली?

आणि वर्गणीचे काय? ज्याच्या घरी या महिन्यात पैसे नसतील त्याने गप्प बसायचे का? हाताने करायचा म्हटले तर सगळ्यांना करता येतो.

भेंडीचा ठसा आपण पहिलीपासून करतो. आडवी कापली की चांदणी उठते. बटाट्याचा पण छान येतो. पण ते एक-दोन दिवसांत सुकतात, पेटीत टिकायचे नाहीत. त्याला सायकलची फुटकी ट्यूब चांगली. ट्यूबचा तुकडा कात्रीने कापायचा आणि लाकडाच्या ठोकळ्यावर सोल्युशनने चिकटवायचा. ब्लेड लागत नाही. अक्षर मात्र आरशात दिसते तसे उलटे चिकटवावे लागते, तेव्हा कागदावर सुलटे उठते. 'म' उलटा काढून बघा, मज्जा येते! म्हणून मी म्हणतो की अक्षर नको, चित्र करावे. टिटवी करावी, कारण टेकडीवर टिटव्या फार. माझ्या शेजारी बसणारा म्हणतो, बैल. बैलाची शिंगे कात्रीत तुटतील, पण त्याचे तो बघेल.

पालकांना विनंती आहे की घरी फुटकी ट्यूब किंवा लाकडाचा ठोकळा पडला असेल तर फेकू नका, आम्हाला द्या. आणि आम्ही घरी रबर कापत बसलो तर "अभ्यास सोडून हे काय चाललंय" म्हणून रागावू नका.

शनिवारी हात वर करून वर्गाचे मत घेणार आहेत. ज्यांना विकतचा पाहिजे त्यांनी आधी फळ्याजवळ लावलेले ट्यूबचे दोन ठसे बघावेत आणि मग हात वर करावा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी