15 टक्क्यांत न बसणारी आपली माणसं

सीमाभागात आपली मागणी काय? सरकारी कागद, फलक, परिपत्रकं मराठीत द्या. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के आहेत तिथे त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, हा केंद्राचाच निकष. मागणी रास्तच आहे. पण आपल्याच गल्लीतला कर्णबधिर पोरगा कुठल्या तालुक्यात 15 टक्के भरणार? मग त्याची भाषा मागायची कुणी?

"त्याला मराठी कागद दिला की झालं," असं कुणी म्हणेल. नाही होत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांना मराठी ही दुसरी भाषा म्हणून, तीही डोळ्यांनी, शिकावी लागते. कन्नड नोटीस हातात पडली की आपलं जे होतं, तेच मराठी नोटिशीपुढे त्यांचं होतं.

मी इंदूरला मल्हारगंजात राहतो. इथल्या तुकोगंज ठाण्यात कर्णबधिरांसाठी पोलीस सहायता केंद्र आहे. सांकेतिक भाषेत तक्रार सांगता येते. म्हणजे मनात आणलं तर होतं. पाकिस्तानातून 26 ऑक्टोबर 2015 ला परत आलेली गीता याच शहरात राहिली. गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं. खाणाखुणांवरून शोध घ्यावा लागला. ती मराठवाड्यातली, हे 2021 मध्ये समोर आलं. मायदेशात येऊनही घर सापडायला पाच वर्षं!

कायदा नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा धरतो, सरकारी नोकरीत कर्णबधिरांना 1 टक्का जागा देतो. सुगम्यतेचे निकष सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावलं. तरी तालुक्याच्या कचेरीत जाऊन सांकेतिक भाषेचा दुभाषी मागून बघा. आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, त्यात ही नाही.

"तुम्ही थोडे आहात" हे ऐकून आपण पिढ्यान्‌पिढ्या चिडत आलोय. तेच वाक्य आपण आपल्याच माणसांना ऐकवणार का? भाषेचा हक्क डोकी मोजून मिळत असेल, तर उद्या आपलीही डोकी मोजली जातील.

म्हणून सुरुवात आपल्यापासून. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सभेत मंचावर दुभाषी उभा करा. आपल्या प्रत्येक व्हिडिओखाली मजकूर द्या. आणि पुढच्या निवेदनात मराठी फलकाच्या मागणीखाली दुसरी ओळ लिहा: प्रत्येक तालुका कचेरीत सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा.