इंग्रजी क्रियापदांचा परिचय : ‘लुक’

‘लुक’ म्हणजे पाहणें, हें शाळकरी मूलही जाणतें. परंतु पुढें जोडलेलें अव्यय त्याचा अर्थच पालटतें. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणें, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणें, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणें. ‘लुक अप टु’ यांत आदर आहे, तर ‘लुक डाउन ऑन’ यांत तुच्छता. पत्रांत वडीलधाऱ्यांविषयीं लिहितांना अव्यय चुकलें, तर मानाच्या जागीं अवमान होईल! मराठींतही ‘वाट पाहणें’ आणि ‘अंत पाहणें’ यांत असेंच अंतर आहे. ‘लुक फॉरवर्ड टु’ म्हणजे आनंदानें वाट पाहणें. यांतील ‘टु’ शब्दयोगी अव्यय असल्यामुळें त्यापुढें ‘सी’ नव्हे, ‘सीइंग’ लिहावें. तस्मात् वाचकांनीं क्रियापद व अव्यय जोडीनेंच पाठ करावीं.