आवाज गेला म्हणजे स्क्रीन गेली

मंगळवारी साडेनऊला ऑफिसात पोचलो, अजून बॅगही टेकवली नव्हती, तोच शेजारच्या डेस्कवरून हाक आली. "अरे, माझं मशीन चालू आहे का बघ जरा."

बघितलं तर मशीन मस्त चालू. लॉगिन झालेलं, मेलबॉक्स उघडलेला. फक्त आवाज नव्हता.

हा माझा मित्र आमच्याच टीममध्ये टेस्टिंग करतो. त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. (फुकट आणि ओपन सोर्स. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या, स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ साली लिहायला घेतला. आपण त्या वयात काय करत होतो ते विचारू नका.) आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्याच्या डेस्कवर नवा मॉनिटर जोडून गेलं होतं. एचडीएमआयची वायर लागली की विंडोज बऱ्याचदा त्या मॉनिटरलाच स्पीकर समजून बसतं. त्या मॉनिटरला स्पीकरच नाही! म्हणजे एनव्हीडीए सकाळपासून इमानेइतबारे बडबडत होता, पण भिंतीशी.

मी खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं, हेडफोन निवडला, झालं. "दहा सेकंदांचं तर काम होतं," असंही म्हणून गेलो. म्हणायला नको होतं.

"दहा सेकंद तुझे. मी साडेआठपासून बसलोय."

त्या तासात त्याने मोबाईलवरून हेल्पडेस्कला फोन केला होता. तिथला माणूस म्हणाला, "स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा." पुढे तिकीट निघालं ते 'लो प्रायॉरिटी'चं, कारण आमच्या यादीत साउंड म्हणजे गाणी. दरम्यान मॅनेजरचा मेल येऊन पडला होता, बिल्ड तपासायला उशीर का? तो मेलही त्याला माझ्या दहा सेकंदांनंतरच ऐकू आला.

माझं म्हणणं सरळ आहे. माझा मॉनिटर काळा पडला तर अर्ध्या तासात दुसरा येतो. त्याचा आवाज जाणं म्हणजे तेच. मग ते तिकीट 'क्रिटिकल' का नाही? दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली आला, समान संधीचं धोरण खाजगी कंपन्यांनाही करावं लागतं, आमचंही असेलच कुठेतरी पीडीएफमध्ये. पण हेल्पडेस्कच्या ड्रॉपडाउनमध्ये ते उतरलेलं नाही.

आणि मी तरी कुठला शहाणा! गेल्या वर्षी मीटिंगमध्ये त्याचा लॅपटॉप मोठ्याने बोलायला लागला, तर मीच हात लांब करून म्यूट दाबलं होतं. न विचारता. कुणी माझी स्क्रीन अशी बंद केली असती तर?

तर हेल्पडेस्कवाल्यांनो, आणि शेजारी बसणाऱ्यांनो, एवढं तरी लक्षात ठेवा. आधी विंडोज-कंट्रोल-एंटर दाबा. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलला तर आवाज शाबूत आहे, गडबड एनव्हीडीएची आहे. कंट्रोल-ऑल्ट-एनने तो पुन्हा सुरू होतो. कधीकधी चुकून एनव्हीडीए-एस दाबलं जातं आणि त्याचं बोलणंच बंद होतं. गाणी वाजतात, मीटिंग ऐकू येते, आणि सपोर्टवाला छातीठोकपणे सांगतो, "साउंड तर येतोय की!" वॉल्यूम मिक्सरही बघा, तिथे प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो. नॅरेटरही गप्प असेल तर म्यूट बघा, नाहीतर आवाज चुकीच्या डिव्हाइसकडे वळलाय. कॉल लागला की स्क्रीन रीडर कुजबुजायला लागतो, हीसुद्धा विंडोजचीच कृपा. साउंडच्या जुन्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे, तिथे कॉलच्या वेळी बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायची सोय आहे. 'डू नथिंग' निवडा.

आणि हे सगळं करताना त्याला तोंडाने सांगत राहा. माऊस हिसकावून घेऊ नका.

मी हेल्पडेस्कला लांबलचक मेल टाकलाय. "नोटेड" असं उत्तर आलंय. मित्राने मात्र वाट बघितली नाही, ड्रॉवरमध्ये एक स्वस्तातला यूएसबी हेडसेट आणून ठेवला. तो खुपसला की विंडोज बहुतेक वेळा कुणालाही न विचारता आवाज तिकडे वळवतं. ज्या सवयीने मंगळवारी घात केला, तीच.