हरवलेले कोकरू मोजावे कोणी?



दरवर्षी २८ डिसेंबर रोजी पवित्र ख्रिस्तसभा निष्पाप बालकांचा सण पाळते. हेरोद राजाच्या आज्ञेने बेथलेहेमात किती बालके मारली गेली, हे संत मत्तय आपणांस सांगत नाही. त्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत. तो सण आम्हांस आज आठवला, त्याचे कारण एका मातेचा प्रश्न होय.

पावसाळ्याचे दिवस होते. दिवस भरण्याआधीच जन्मलेले तिचे बाळ घेऊन घरची माणसे मोठ्या इस्पितळाकडे निघाली. परंतु वाटेतच, गाडीमध्ये, बाळाने प्राण सोडला. पुढे काही दिवसांनी तिने आम्हांस विचारले, “फादर, माझ्या बाळाचं नाव कुठं लिहिलंय का हो?” आम्ही निरुत्तर झालो.

लिहिण्याचे एवढे महत्त्व काय, असे कोणी म्हणेल. त्याने प्रभूचा मेंढपाळ आठवावा. शंभरांतले एक मेंढरू हरवले हे त्यास कळले, ते त्याने मेंढरे मोजली म्हणूनच. न मोजणारा मेंढपाळ शोधावयास तरी कसा निघणार?

आजकाल जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत आजारी नवजात बालकांसाठी विशेष कक्ष असतात. तेथे दाखल झालेल्या बालकाचे वजन, ते किती आठवड्यांचे, तेथेच जन्मले की बाहेरून आणले, आजार कोणता, उपचार कोणते आणि शेवटी ते बरे होऊन घरी गेले की दगावले, हे सारे संगणकावर नोंदवितात. इंटरनेटच्या साहाय्याने ही नोंद जिल्ह्याच्या व राज्याच्या अधिकाऱ्यांस पाहता येते. सारख्याच वजनाची बालके एका ठिकाणी जंतुसंसर्गाने अधिक दगावत असतील, तर तेथे हात नीट धुतले जातात काय, परिचारिका पुरेशा आहेत काय, असे प्रश्न विचारता येतात. तुलना मात्र सारख्याची सारख्याशीच करावी लागते. कारण जेथे अगदी नाजूक बालके पाठविली जातात, तेथे मृत्यू अधिक होणारच. अमेरिकेत व्हरमाँट ऑक्सफर्ड नेटवर्क ही संस्था १९८८ पासून हेच कार्य करीत आहे. आज अनेक देशांतील इस्पितळे तीत सामील आहेत.

परंतु एवढ्यासाठी अमेरिकेकडेच पाहावयास नको. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांतील प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू नोंदविला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास मोजणे व जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकविले. १९९३ ते १९९८ ह्या काळात तेथील नवजात बालकांचे मृत्यू हजारी सुमारे ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये भारत शासनाने आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची योजना देशभर स्वीकारली.

तथापि वही कितीही चोख असो, ती रात्रीचा पहारा करीत नाही. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. यंत्रे, तारा व जागणारी माणसे यांचीही निगा राखावी लागते.

आणि कक्षाची नोंद सुरू होते ती बालक दारात पोहोचल्यावर. आमचा कॅसलरॉक घाटमाथ्यावरचा, चहूकडे जोयड्याचे अरण्य. येथले जे बालक वाटेतच जाते, ते त्या संगणकावर कधीच येत नाही. अशी बालके कोणी मोजली नाहीत, तर ह्या भागास गाडी हवी, जवळ उपचार हवेत, हे अधिकाऱ्यांस कोणत्या आधारे सांगावे?

म्हणून मातापित्यांनो, गरोदरपणीच आशाताईंकडे नाव नोंदवा. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत त्या घरी येतील, त्यांस परत धाडू नका. बाळ दूध ओढीत नसेल, अंग गार पडले असेल, श्वास जलद चालत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. वाटेत त्यास आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. जन्म असो वा मृत्यू, २१ दिवसांच्या आत सरकारदप्तरी नोंदवा. प्राणसंकटात आजीने वा परिचारिकेने बाप्तिस्मा दिला असल्यास आम्हांस अवश्य कळवा.

त्या मातेच्या बाळाला आजीने गाडीतच बाप्तिस्मा दिला होता, असे मागाहून कळले. आम्ही धर्मग्रामाची नोंदवही उघडली आणि त्याचे नाव, तारीख व आजीचे नाव तीत लिहिले. माता शेजारी उभी होती. तिने ती ओळ आम्हांकडून दोनदा वाचून घेतली.