यतीमांची अमानत

आगीत, महापुरात धावून जाणारा केंद्रीय दलाचा जवान सेवेत असताना वारला, तर साधारण कुटुंब निवृत्तिवेतन आधी पत्नीला मिळते. तिने दुसरा निकाह केला की नातेवाईक म्हणतात, "पेन्शन गेली!" आम्ही सांगतो, मुले असतील तर ती जात नाही. थोरल्यापासून क्रमाने मुलांना मिळते. वय 25 होईपर्यंत, किंवा त्याआधी लग्न वा पुरेशी कमाई होईपर्यंत. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला ती तहहयात मिळू शकते. अल्पवयीनाचे पैसे पालकाच्या हाती येतात. पण ती यतीमाची अमानत आहे, घरखर्चाची थैली नव्हे. तेव्हा पेन्शनची भीती घालून तरुण विधवेचा निकाह अडवू नका. मुलांची नावे व जन्मतारखा कार्यालयात वेळीच नोंदवा.