रोजमेरीची कुंडी आणि आर्णीचा पावसाळा

दिवाळीनंतर भाचा घरी आला, तो हातात एक रंगीत पत्रक घेऊनच. "मामा, अरुणावतीकाठच्या दोन एकरांत लॅव्हेंडर लावायचे म्हणतो. रोपे देणारे लोक तेलही विकत घेण्याचा करार करून देतात." दुकानाच्या भांडवलातून रक्कम काढण्याची त्याची तयारी होती. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना जी सवय लागली, तिनेच मी ते पत्रक वाचले. खरेदीदार कोण हा प्रश्न दुसरा. हे झाड मुळात कोठले, हा पहिला.

लॅव्हेंडर आपल्या देशात यशस्वी झाले हे खरे. जम्मूकडील डोडा जिल्ह्यात, भद्रवाह परिसरात शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी ते लावले. 'सीएसआयआर'च्या अरोमा मिशनने रोपे दिली, तेल काढण्याची सोय केली, आणि लोक त्यास 'जांभळी क्रांती' म्हणू लागले. परंतु भद्रवाह समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंश सहज ओलांडतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जमिनीत ओल असते. 'कमी पाण्यावर येणारे पीक' एवढ्या एका वाक्यावर विदर्भाने भुलावे, अशाच बेताने ते पत्रक लिहिलेले होते.

त्याच कुळातील रोजमेरी मात्र आर्णीत कुंडीत जगते. हे मी दोन रोपे मारून शिकलो. तुळस आणि पुदिनाही याच कुळातले. पाने सुईसारखी, कडा खाली वळलेल्या, पाठीवर पांढरट लव; त्यामुळे पानांतून पाणी कमी उडते. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. आपला हिशेब नेमका उलटा. माझे पहिले रोप काळ्या मातीत होते. उन्हाळा त्याने निभावला. श्रावणात खालची पाने काळी पडली आणि मुळे कुजली. काळ्या मातीतील चुन्याचे या झाडाला वावडे नाही, तिने धरून ठेवलेले पाणी त्याला मारते. दुसरे रोप मी मायेने मारले, रोज तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालून.

तिसरे आता चार वर्षांचे आहे. बुडाशी मोठे छिद्र असलेली मातीची कुंडी. दोन भाग साधी माती, एक भाग जाड रेती, एक भाग मुरूम आणि मूठभर जुने शेणखत. बोट दोन पेरे आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी. मे महिन्यात दुपारची सावली द्यावी, आणि पहिल्या पावसाबरोबर कुंडी पडवीत घ्यावी, पागोळ्यांपासून दूर. बियांच्या नादी लागू नये, उगवण फार कमी. नोव्हेंबर-डिसेंबरात चार इंचांचा शेंडा घेऊन खालची पाने काढावीत व ओलसर रेतीत खोचावा. सहा-आठ आठवड्यांत मुळे फुटतात. छाटणी हिरव्या भागापुरतीच करावी. पाने नसलेल्या जून लाकडापर्यंत कापले, तर तेथून बहुधा फूट येत नाही.

आमच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. कच्च्या केळीच्या कापांवर हीच पाने तुपात परतून घातली, तेव्हा सौभाग्यवतींनी प्रथमच माझ्या बागकामाचे कौतुक केले.

भाच्याने करारावर सही केली नाही. जाताना रोजमेरीची तीन कलमे घेऊन गेला. येत्या सप्टेंबरपर्यंत ती जगली तर पुढचे बोलू, असे आमचे ठरले आहे.