आधी खाट, मग माफी

गर्दुल्ल्याला कोठडीत डांबावे की दवाखान्यात न्यावे? पोर्तुगालने २००१ मध्ये दुसरी वाट धरली. दहा दिवसांपुरता साठा, म्हणजे साधारण एक ग्रॅम हेरॉइन, जवळ सापडला तर खटला नाही. तिघांच्या समितीपुढे हजेरी आणि उपचाराचा आग्रह. विकणाऱ्याला तुरुंग कायम. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२१ मध्ये घाईने हाच कित्ता गिरवला. शंभर डॉलर दंड; हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले, उपचारकेंद्रे रखडली आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे अमली पदार्थ जवळ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले.

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम २७ नुसार हेरॉइन सेवनाला वर्षापर्यंत कैद आहे. कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देते. पण सरकारी केंद्रात खाटच नसेल तर ती सूट कागदावरच राहणार. विक्रीला मोकळीक नकोच. सेवन मात्र गुन्ह्यातून वगळावे आणि त्याआधी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्ती कक्ष सुरू करावा. हा क्रम उलटला, तर आपली गत ऑरेगनसारखी व्हायला वेळ लागणार नाही.